'पैकी' कशाला लागलंय?

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला जी गणितं चुकतात, त्यांत सूत्र न आठवल्यामुळे चुकलेली थोडीच असतात. सूत्र आठवतं, आकडे बसतात, कॅल्क्युलेटरही बरोबर चालतो, फक्त भागाकाराच्या खाली भलतीच संख्या जाऊन बसलेली असते. याला मराठीत एक साधी खूण आहे: 'पैकी'. हा शब्द ज्याला लागतो तो छेद. दहापैकी तीन म्हटलं की दहा खाली गेले. अहिराणीत विचारायचं तर 'कितलास्माईन कितला?' प्रश्नपत्रिका इंग्रजीत असो की मराठीत, गणित वाचून झाल्यावर आधी हे एक वाक्य समासात लिहायचं आणि मगच सूत्राकडे जायचं.

खेड्यातल्या माणसाला ही सवय नवी नाही. पैसेवारी हा अपूर्णांकच आहे. वर हाती आलेलं पीक, खाली त्या जमिनीचं ठरवलेलं प्रमाण उत्पन्न. ५० पैशांच्या आत पैसेवारी आली की टंचाईची चर्चा सुरू होते, आणि भांडण असतं ते बहुधा वरच्या-खालच्या आकड्यांवरच. पूर्वी हेच माप सोळा आण्यांत मोजत, म्हणून अजूनही कुणी आणेवारी म्हणतं. छेद बदलला, नाव राहिलं.

आता वहीतल्या गणितांकडे.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात 'बावीसची रास पडली' म्हणतात, ती घडांच्या वजनाची सरासरीच असते. समजा पाच घड तोलले: १८, २२, २०, २५, १५ किलो. बेरीज १००, सरासरी २०. सरासरीपासूनची अंतरं −२, २, ०, ५, −५. इथे थांबून या अंतरांची बेरीज शून्य येते का ते बघा. येत नसेल तर पुढचं सगळं वाया जाणार, म्हणून हा अर्धा मिनिट कधीही वाचवू नका. अंतरांचे वर्ग ४, ४, ०, २५, २५, त्यांची बेरीज ५८.

आता ५८ ला कशाने भागायचं? ५ ने भागलं तर ११.६ आणि त्याचं वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, ३.४१. ४ ने भागलं तर १४.५ आणि प्रमाण विचलन ३.८१. दोन्ही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं म्हणून. हे पाचच घड हाच तुमचा सगळा माल असेल आणि त्याच्याबद्दलच बोलायचं असेल तर ५. हे पाच घड अख्ख्या बागेचा नमुना असतील आणि बागेबद्दल अंदाज करायचा असेल तर ४. एक कमी का, याचं कारण त्याच अंतरांमध्ये आहे. पहिली चार अंतरं −२, २, ०, ५ मिळाली की पाचव्याला निवड उरत नाही, बेरीज शून्य व्हायला ते −५ च असावं लागतं. मोकळी अंतरं चारच, म्हणून छेदात चार. दुसऱ्या बाजूने बघायचं तर, नमुन्याची सरासरी त्या नमुन्यातल्या आकड्यांनाच जास्तीत जास्त जवळची असते. बागेची खरी सरासरी २० सोडून दुसरी काहीही असली, तर तिच्यापासूनच्या वर्गांची बेरीज ५८ पेक्षा जास्तच भरेल. म्हणजे ५८ हा आकडा जरा लहान पडलेला आहे आणि छेद लहान करून ती तूट भरून काढतात.

कॅल्क्युलेटरवर या दोन उत्तरांना दोन वेगळी बटणं असतात. कॅसिओच्या ९९१ ईएस प्लसवर सांख्यिकी मोडमध्ये 'सिग्मा एक्स' म्हणजे एन ने (एकूण किती आकडे आहेत त्या संख्येने) भागलेलं आणि 'एस एक्स' म्हणजे एन वजा १ ने भागलेलं. एमएस मालिकेच्या जुन्या यंत्रावर दोन्हींना सिग्माच आहे, फरक फक्त बाजूच्या बारीक अक्षरांत. घरी एकदा हेच पाच आकडे टाकून बघा: ज्या बटणावर ३.८१ येतं, ते नमुन्याचं. कव्हरच्या आत खूण करून ठेवली तर परीक्षेत शोधाशोध नको. आणि वारंवारतेचा रकाना सेटअपमध्ये चालू राहिला असेल तर साधी माहिती भरतानाही तो समोर येतो. त्यात चुकून एखादा आकडा पडला की उत्तर बिघडतं आणि पडद्यावर तसं काही कळत नाही. म्हणून सगळं भरल्यावर यंत्राकडून सगळ्यात आधी एन मागवा. पाचच्या जागी सात दाखवत असेल तर गडबड तिथेच आहे.

'वर्गांची बेरीज वजा एन गुणिले सरासरीचा वर्ग' हे सोपं सूत्र वापरणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. सहावा घड २२ किलोचा आला असं धरा. बेरीज १२२, सरासरी २०.३३३…, वर्गांची बेरीज २५४२. अचूक हिशेब २५४२ − १२२² ÷ ६ = ६१.३३. आता कुणी सरासरी २०.३ अशी कापून घेतली, तर २५४२ − ६ × २०.३² = ६९.४६. सरासरीत छटाकभरही फरक नाही म्हणावा आणि उत्तरात आठाने फरक! दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी असली की मधलं कापणं असं अंगावर येतं. सरासरी अपूर्णांकातच ठेवा, कापायचं ते शेवटच्या ओळीत.

सरासरीतच छेद चुकण्याचे आणखी दोन नमुने. कापूस १० क्विंटल ७००० रुपयांनी गेला आणि ३० क्विंटल ६६०० ने. सरासरी भाव ६८०० नव्हे, कारण आपण 'दोन भावांपैकी' बोलत नाही, 'चाळीस क्विंटलांपैकी' बोलतो: (७०,००० + १,९८,०००) ÷ ४० = ६७००. दुसरा नमुना वेगाचा. समजा ९० किलोमीटर अंतर जाताना ताशी ६० ने आणि येताना ताशी ४० ने कापलं. दीड तास अधिक सव्वादोन तास म्हणजे ३.७५ तास, अंतर १८०, सरासरी वेग ४८. पन्नास लिहिणाऱ्याने छेदात फेऱ्या घेतल्या, तास घ्यायचे राहिले. बहुपर्यायी प्रश्नात ५० हा पर्याय हमखास दिलेला असतो.

मध्यक आणि बहुलकाबद्दल फार लिहीत नाही. गटांची माहिती १०–१९, २०–२९ अशी दिली असेल तर आधी ९.५–१९.५ अशा सलग सीमा करून घ्या, आणि मध्यकाच्या सूत्रात मध्यक गटाच्या आधीची संचित वारंवारता घ्या, त्या गटाची नव्हे. ९० टक्के चुका इथेच असतात असं म्हणायचा मोह होतो, पण मोजल्याशिवाय टक्का सांगणं या विषयात शोभत नाही. बहुलकाची कल्पना मात्र बाजार समितीच्या भावपत्रकात रोज छापून येते: किमान, कमाल आणि 'सर्वसाधारण'. हा तिसरा भाव पहिल्या दोघांची सरासरी नसतो. ज्या भावाला बाजारात जास्त माल गेला, तो असतो. आठवडाभराच्या पत्रकात तो मधोमध न पडता एकीकडे कललेला दिसला की विषमता म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

सरासरी काढण्याआधी माहिती एकाच राशीतली आहे ना, हेही बघायला हवं. मृगबाग आणि कांदेबाग या दोन वेगळ्या लागवडी. दोन्हींचे घड एकत्र तोलून एक सरासरी काढली तर जो आकडा येईल, तसा घड कदाचित कुठल्याच बागेत नसेल. आलेख काढा. दोन उंचवटे दिसले तर आधी माहिती वेगळी करा.

संभाव्यतेत छेद म्हणजे नमुना अवकाश, सगळ्या शक्य निष्पत्तींची यादी, आणि तो लिहून काढायचा कंटाळा हेच तिथलं मूळ दुखणं. दोन नाणी उडवली तर निदान एक छापा येण्याची संभाव्यता किती? 'दोन छापे, एक छापा, शून्य छापे, म्हणजे तीनपैकी दोन' असं उत्तर देणाऱ्याने फार वाईट वाटून घेऊ नये. द'अलाँबेर या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाने १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात २/३ च लिहिलं होतं. त्याचा युक्तिवाद असा, की पहिल्याच नाण्यावर छापा आला तर डाव संपला, दुसरं नाणं उडवायचंच कशाला. पण ती तीन टोकं सारख्या वजनाची नाहीत. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा, या चारपैकी तीन. निष्पत्ती समसंभाव्य असतील तरच मोजून भागायचं. दोन फाशांच्या बेरजा २ पासून १२ पर्यंत अकरा आहेत, म्हणून बेरीज ७ ची संभाव्यता १/११ होत नाही. ती ६/३६. तीन फाशांवर ९ आणि १० या बेरजा प्रत्येकी सहा प्रकारांनी येतात, तरी जुगाऱ्यांच्या अनुभवाला १० जास्त यायचे. गॅलिलिओने सगळ्या २१६ निष्पत्ती मोजून दाखवलं की ९ च्या वाट्याला २५ आणि १० च्या वाट्याला २७ येतात. कारण ३-३-३ एकाच तऱ्हेने पडतो, ३-३-४ तीन तऱ्हांनी. हे गणित पूर्ण मांडून बघायला पंधरा मिनिटं लागतात. ती द्या.

परत ठेवलं की नाही, हा पुढचा प्रश्न. टोपलीत भरताची दहा वांगी, त्यांतली तीन किडकी. दोन उचलली, पहिलं परत न ठेवता. दोन्ही किडकी निघण्याची संभाव्यता ३/१० × २/९ = ६/९०. दुसऱ्या अपूर्णांकात छेद ९ झाला आणि अंशही एकाने घटला. घाईत यातलं एक घटवायचं राहतं. दोन्ही चांगली: ७/१० × ६/९ = ४२/९०. नेमकं एक किडकं: इथे ३/१० × ७/९ = २१/९० लिहून थांबणारे पुष्कळ. पण आधी किडकं मग चांगलं आणि आधी चांगलं मग किडकं असे दोन क्रम आहेत, म्हणून ४२/९०. तिन्ही उत्तरांची बेरीज ६ + ४२ + ४२ = ९० जमली की निर्धास्त. कॉम्बिनेशनने केलं तरी ३ × ७ ÷ ४५, म्हणजे तेच ७/१५. दोन्ही वाटांनी करून बघा, आणि एका वाटेत क्रम मोजून दुसऱ्या वाटेत सोडून देऊ नका. वर क्रम धरला तर खालीही धरायचा.

'निदान एक' दिसलं की उलट बाजूने जायचं: १ वजा एकही नाही. उगवण ७५ टक्के असलेली सरकी एका जागी दोन-दोन टोबली, तर जागा रिकामी न राहण्याची संभाव्यता १ − ०.२५ × ०.२५ = ०.९३७५. शंभर जागांमागे सरासरी सहा-सव्वासहा नांग्या, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा, भराव्या लागतील. पुस्तकातलं गणित इथे संपतं, शेतातलं नाही. ०.२५ ला ०.२५ ने गुणताना आपण दोन्ही दाणे एकमेकांपासून स्वतंत्र धरले. पण एकाच जागी पडलेल्या दोन दाण्यांना ओल एकच, ढेकूळ एकच, पाऊस लांबला तर तोही एकच. एक गेला तर दुसरा जाण्याची शक्यता वाढते, आणि नांग्या हिशेबापेक्षा जास्त निघतात, त्याही पट्ट्या-पट्ट्यांनी. गुणाकाराचा नियम लावण्याआधी 'स्वतंत्र आहेत' असं गणितात दिलंय का आपण धरलंय, हे स्वतःला विचारा.

स्वतंत्र आणि परस्पर अपवर्जक या दोन शब्दांची गल्लत तर दरवर्षीची. अपवर्जक म्हणजे एक घडली की दुसरी घडूच शकत नाही. मग एकीची बातमी कळली की दुसरीबद्दल सगळंच कळलं. याहून परावलंबी काय असणार? शून्य संभाव्यतेच्या घटना सोडल्या तर अपवर्जक घटना स्वतंत्र असूच शकत नाहीत. पत्त्यांत बदाम आणि एक्का या अपवर्जक नाहीत, बदामचा एक्का असतो. पण स्वतंत्र आहेत: १/४ × १/१३ = १/५२. बदाम आणि इस्पिक अपवर्जक आहेत, स्वतंत्र नाहीत. डोक्यात भेद ठरवत बसू नका, गुणाकार करून ताळा बघा.

सशर्त संभाव्यतेला मात्र सवडीने बसायला हवं, कारण तिथे 'पैकी'ची जागा बदलते आणि वाक्य वरवर तेच दिसतं. सातपुड्याच्या पायथ्याला, नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी होते. पहिली चाचणी सोल्युबिलिटीची, स्वस्त आणि झटपट. ती वाहक आणि रुग्ण यांत भेद करत नाही, म्हणून पॉझिटिव्ह आलेल्यांची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या जास्त नेमक्या चाचण्यांनी खात्री करतात. पुढचे आकडे केवळ गणितापुरते धरलेले आहेत: दोष असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांना चाचणी पॉझिटिव्ह दाखवते, दोष नसलेल्यांपैकी ४ टक्क्यांनाही चुकून दाखवते. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याच्यात खरंच दोष असण्याची संभाव्यता किती?

अशा प्रश्नाला पुस्तकात लावतात ते बेझचं सूत्र बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. गावात १००० जण, त्यांपैकी १० टक्क्यांत, म्हणजे १०० जणांत दोष आहे असं धरू. त्या १०० पैकी ९५ पॉझिटिव्ह. उरलेल्या ९०० पैकी ३६ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १३१. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी दोष असलेले ९५/१३१, सुमारे ०.७३. तीच चाचणी अशा गावी नेली जिथे दोष १ टक्क्यात आहे. १०,००० जण घेऊ: १०० पैकी ९५, आणि ९९०० पैकी ३९६. एकूण ४९१, उत्तर ९५/४९१, म्हणजे जेमतेम ०.१९. चाचणी बदलली नाही, प्रयोगशाळा बदलली नाही, बदलला तो छेदातला घोळका. दुसरी चाचणी का लागते हे यातून उघड दिसतं. '९५ टक्के' हा आकडा दोष असलेल्यांपैकीचा आहे. प्रश्न पॉझिटिव्ह आलेल्यांपैकीचा आहे. इंग्रजी पेपरात 'गिव्हन दॅट' नंतर जे येतं त्यालाच मराठीत 'पैकी' लागतं, आणि त्याच्या आधी जे असतं ते अंशात जातं. चार घरांचा तक्ता काढा, आडव्या-उभ्या बेरजा लिहा, मग सूत्रात आकडे भरायचे ते गुणांसाठी.

द्विपद वितरणात सूत्रापेक्षा शब्द फसवतात. टिश्यूकल्चरची २० रोपं लावली, प्रत्येक रोप मरण्याची संभाव्यता ०.०५, रोपं एकमेकांपासून स्वतंत्र. एकही न मरण्याची संभाव्यता ०.९५ चा विसावा घात, ०.३५८५. नेमकं एक: २० × ०.०५ × ०.९५ चा एकोणिसावा घात, ०.३७७४. आता 'किमान दोन' म्हणजे २, ३, ४… २० पर्यंत. 'दोनपेक्षा जास्त' म्हणजे ३ पासून. 'जास्तीत जास्त दोन' म्हणजे ०, १, २. 'दोनपेक्षा कमी' म्हणजे ०, १. संख्यांची ओळ काढून हव्या त्या आकड्यांना गोल केल्याशिवाय सूत्राला हात लावू नये. किमान दोन मरण्याची संभाव्यता १ − ०.७३५८ = ०.२६४२. लॅम्डा, म्हणजे सरासरी मरणारी रोपं २० × ०.०५ = १, घेऊन प्वासाँ वितरणाने केलं तर शून्य आणि एक या दोन्हींना ०.३६७९ येतं, सुटे आकडे हलतात, पण बेरीज पुन्हा ०.७३५८ आणि उत्तर चार दशांशांपर्यंत तेच. इतकं चपखल दर वेळी बसत नाही. या उदाहरणात एका आकड्याची तूट दुसऱ्याने भरून काढली आहे.

प्रसामान्य वितरणाची गणितं करण्याआधी हातातला तक्ता कुठला ते ओळखा. झेड म्हणजे आकडा सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे ते. काही तक्ते ० पासून झेडपर्यंतचं क्षेत्र देतात, काही डाव्या टोकापासून. ओळख सोपी: झेड ०.०० समोर ०.०००० असेल तर पहिला, ०.५००० असेल तर दुसरा. क्लासमध्ये एक आणि परीक्षेत दुसरा मिळाला तर १.०० समोर ०.३४१३ दिसेल की ०.८४१३, यावर सगळं उत्तर फिरतं. ईएस प्लसवर पी, क्यू, आर असे तीन पर्याय असतात: पी डाव्या टोकापासून, क्यू शून्यापासून, आर उजव्या टोकापर्यंत. दर वेळी घंटेसारखी आकृती काढून हवा तो भाग रंगवा. रंगवलेला भाग अर्ध्याहून लहान दिसतोय आणि उत्तर ०.८४ आलंय, तर तिथेच पकडता येतं.

घडांची सरासरी २२ किलो, प्रमाण विचलन ३ धरू. २५ किलोवरचा घड मिळण्याची संभाव्यता: झेड = १, उत्तर ०.१५८७. १९ ते २८ दरम्यान: झेड −१ ते २, म्हणजे ०.३४१३ + ०.४७७२ = ०.८१८५. वजनाने वरचे १० टक्के घड कुठून सुरू होतात? उलटं वाचायचं, झेड १.२८, म्हणून २२ + ३.८४ = २५.८४ किलो. खालचे १० टक्के विचारले तर झेडला उणे लावायचं विसरू नका. सर्वांत हलके घड सरासरीपेक्षा जड निघाले तर काहीतरी चुकलं हे कळायलाच हवं.

आता तोच प्रश्न जरा फिरवून: नऊ घडांची सरासरी २५ च्या वर जाण्याची संभाव्यता? इथे छेदातला ३ आणखी √९ ने भागायचा, प्रमाण त्रुटी १ किलो, झेड ३, उत्तर ०.००१३. एक घड २५ च्या वर जाणं नेहमीचं, नऊंची रास २५ ची पडणं दुर्मीळ. 'एक घड' की 'घडांची सरासरी', या शब्दांखाली रेघ मारल्याशिवाय पुढे जाऊ नका. अध्याय संपल्यावर लगेच गणितं सोडवताना हे चुकत नाही, कारण सगळ्याच गणितांत √एन असतो. चुकतं ते मिसळलेल्या पेपरात.

टी-चाचणीत शेवटचा मोठा घोळ आहे, आणि यात विद्यार्थ्याचा दोष निम्माच. पहिल्या पाच घडांवरून 'सरासरी २२ आहे' हा दावा तपासायचा. एस = ३.८१, म्हणून टी = (२० − २२) ÷ (३.८१ ÷ √५) = −१.१७. काही पुस्तकं मात्र विचलन ५ ने भागून काढलेलं घेतात, ३.४१, आणि मग √५ च्या जागी √४ लिहितात. करून बघा, उत्तर −१.१७ च येतं. 'एक वजा' कुठेतरी एकदाच व्हायला हवा, विचलनात तरी किंवा वर्गमुळाच्या चिन्हाखाली तरी. दोन पुस्तकांतलं अर्धं-अर्धं उचललं तर तो एकदाही होत नाही (−१.३१ येतं) किंवा दोनदा होतो (−१.०५). एका पुस्तकाचं एकच सूत्र धरा. स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे मोकळी अंतरं, ४, दुहेरी ५ टक्क्यांची सीमा २.७७६. आपला आकडा तिच्या आत, म्हणून '२२ च्या दाव्याविरुद्ध पुरेसा पुरावा नाही' असं लिहायचं. 'सरासरी २२ आहे हे सिद्ध झालं' असं नाही. पाच घडांत ते सिद्ध होण्याएवढा जोर नसतो.

सरावाला बसताना अध्यायवार बसू नका. अध्यायाचं नाव अर्धं उत्तर सांगून टाकतं. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतून वेगवेगळ्या घटकांची सहा गणितं घ्या, पाऊण तास लावा. पहिली दहा मिनिटं कॅल्क्युलेटर दप्तरात. सहाही गणितांचं 'पैकी'चं वाक्य आणि वापरायच्या वितरणाचं नाव, एवढंच लिहायचं. मग सोडवायला घ्या. चुकलेलं गणित उत्तर बघून लगेच पुन्हा करण्यात अर्थ नाही, ते पाठ असतं. तीन दिवसांनी कोऱ्या पानावर करा. एखादं उत्तर पटतच नसेल तर चिठ्ठ्या करा. दहा चिठ्ठ्यांपैकी तिनांवर फुली, दोन-दोन उचलायच्या, नोंदायच्या, परत मिसळायच्या, असं पन्नास वेळा. नेमकी एक फुली सरासरी २३ वेळा यायला हवी. १६ ते ३० मध्ये काहीही आलं तरी घाबरायचं कारण नाही. दहाच वेळा आली तर चिठ्ठ्या नीट मिसळल्या जात नाहीत किंवा एकीची घडी जाड आहे.

चुकांच्या वहीत प्रत्येक चुकीपुढे एकच अक्षर लिहा: छेद चुकला तर 'छ', शब्द चुकीचा वाचला तर 'श', नुसता आकडेमोडीचा गोंधळ असेल तर 'आ'. महिन्याने मोजा. 'श' जास्त असतील तर गणितं सोडवणं थांबवून इंग्रजी पेपरातल्या 'ॲट लीस्ट', 'ॲट मोस्ट', 'एक्झॅक्टली', 'नॉट मोअर दॅन' यांची संख्यारेषा रोज पाच वेळा काढा. 'आ' जास्त असतील तर कॅल्क्युलेटरवर मेमरी वापरायला शिका आणि मधल्या ओळीत कापणं बंद करा. 'छ' जास्त असतील तर आठवडाभर दशांश वापरूच नका, प्रत्येक संभाव्यता हजारातली माणसं, घड किंवा सरक्या करून मोजा.